तीन दिवस सोबत, चौथ्या दिवशी निरोप : बर्लिनची रीत आणि स्वीडनची रीत

आई मुलाला अंगणवाडीच्या दारात सोडते, बाई त्याला कडेवर घेतात आणि मूल रडू लागायच्या आत आई मागच्या मागे निघून जाते. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात, खानापूर, निपाणीच्या बाजूला हे सर्रास दिसते. त्याऐवजी ‘पहिले तीन दिवस सोबत बसा’ असा सल्ला हल्ली दिला जातो. परंतु या तीन दिवसांच्या दोन वेगवेगळ्या रीती आहेत आणि त्या एकच समजल्या जातात.

बर्लिनची रीत हान्स-योआखिम लेवेन, बेआटे आंद्रेस आणि एवा हेदेर्वारी यांनी १९८० च्या दशकात आखली. तिच्यात पालक मुलासह रोज साधारण तासभर येतो, खोलीत एका जागी बसून राहतो, मुलाला पुढे ढकलत नाही आणि ते मांडीवर परत आले तर अडवतही नाही. तेवढ्या वेळात एकच ठरलेली ताई मुलाशी ओळख वाढवते. चौथ्या दिवशी, तो सोमवार नसेल तर, पालक मुलाचा निरोप घेऊन जास्तीत जास्त ३० मिनिटे बाहेर जातो. त्या वेळी मूल रडले की नाही याला महत्त्व नसते; ताईने समजावल्यावर ते शांत होते का, हे पाहिले जाते. शांत होत नसेल तर पालकाला लगेच परत बोलावतात आणि पुढची ताटातूट काही दिवस लांबवतात, त्यामुळे एकूण काळ आठवड्यापासून तीन आठवड्यांपर्यंत जातो.

स्वीडनमधील तीन दिवसांच्या रीतीत पालक कोपऱ्यात बसत नाही. तो जवळजवळ पूर्ण दिवस तिथे राहून मुलाला भरवतो, त्याचे कपडे बदलतो, अंगणात खेळतो, आणि अनेकदा काही नवी मुले एकदमच दाखल झालेली असल्याने इतर पालकांनाही ओळखू लागतो. पालकाला ती जागा आपली वाटली की मुलालाही वाटेल, हा तिचा आधार. चौथ्या दिवशी मूल पालकाविना राहते. थोडक्यात, बर्लिनमध्ये मुलाची ओळख माणसाशी होते, स्वीडनमध्ये जागेशी आणि दिनक्रमाशी. जपानमधील ‘नाराशी होइकु’ याहून निराळी : तिथे मुख्यतः मुलाचे तास थोडे थोडे वाढवतात.

स्वीडनमध्ये प्रत्येक मुलामागे ४८० दिवसांचा पालकत्व भत्ता असल्याने सलग तीन दिवस देणे सोपे जाते. आपल्याकडे २०१७ पासून असलेली २६ आठवड्यांची रजा नोकरदार स्त्रियांपुरती आहे. विड्या वळणाऱ्या किंवा शेतावर जाणाऱ्या आईचा एक दिवस मोडला की त्या दिवसाची मजुरी गेली. म्हणूनच सीमाभागाला बर्लिनची रीत अधिक जवळची आहे, असे मला मनापासून वाटते : मुलाला लळा असलेली आजीसुद्धा रोज तासभर बसू शकते.

मात्र त्या रीतीचा सारा भार समजावण्यावर आहे, आणि इथे समजावण्याची भाषाच अनेकदा बदलते. घरी ‘उगी उगी’ ऐकलेल्या मुलाला बाईंचे कानडी ‘अळबेडा’ (रडू नको) पहिल्या दिवशी समजत नाही. त्यासाठी त्या तासात आजीने बाईंना मुलाचे घरातले लाडके नाव, त्याचा शू आणि भूक सांगण्याचा शब्द, आणि रडल्यावर पाठीवर थोपटायचे की कडेवर घेऊन दाराशी न्यायचे, हे सांगून ठेवावे. आणि चौथ्या दिवशी निघताना मुलाच्या डोळ्यांत बघून ‘येते हं’ असे म्हणूनच बाहेर पडावे.