विदर्भातल्या गावांतली ख्रिस्ती घरप्रार्थना: पार्श्वभूमी

विदर्भाच्या खेड्यांत ख्रिस्ती घरं थोडी. कुठं चार-दोन, कुठं एकच. रविवारची उपासना तालुक्याच्या गावी, आणि कापूस वेचणीला आला की तिथं जाणंही राहून जातं. एरवी सगळा आधार घरप्रार्थनेचा. दिवेलागणीनंतर कुणाच्या तरी घरी सतरंजी पडते. दोन गीतं होतात, शास्त्रपाठ होतो, कुणी साक्ष देतं, म्हणजे देवाचा आलेला अनुभव सांगतं, आजाऱ्यासाठी प्रार्थना होते, मग चहा. शेजारपाजारचेही येऊन बसतात, विशेषतः घरात कुणी आजारी असेल तर. पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, असतीलच असं नाही.

ही रीत मिशननं आणली असं सरसकट सांगितलं जातं. मला ते अर्धंच खरं वाटतं.

मिशनचा इतिहास सांगायचा तर सुरुवात स्टीफन हिस्लॉप यांच्यापासून होते. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे हे मिशनरी १८४५ साली नागपुरात आले, तेव्हा तिथं भोसल्यांचं राज्य होतं. त्यांनी शाळा काढली, खडक आणि जीवाश्म अभ्यासले, गोंडांची माहिती टिपून ठेवली. १८६३ च्या सप्टेंबरमध्ये टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं पाहून परतताना पूर आलेल्या ओढ्यात ते बुडाले. त्यांची टिपणं मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये छापून काढली. एका अधिकाऱ्यानं मिशनऱ्याचे कागद इतक्या निगुतीनं सांभाळावेत, हे स्नेहाशिवाय होत नाही. पण हिस्लॉप यांचं काम मुख्यतः शहरातलं आणि शाळेतलं. खेड्यातल्या विश्वासाचा हिशेब तिथून मांडू नये.

खेड्याचा रस्ता रेल्वेनं उघडला. भुसावळहून निघालेला लोहमार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोचला. पुढं मूर्तिजापूरहून एक फाटा अचलपूरला आणि एक यवतमाळला गेला, तीच आपली शकुंतला रेल्वे. हे फाटे कापसासाठी टाकलेले. पण नकाशा काढून बघा, मिशनची ठाणी बरीचशी याच रुळांच्या आसपास दिसतात. अकोला-खामगावकडे अलायन्स मिशन, यवतमाळला फ्री मेथडिस्ट, अचलपूर-मेळघाटाकडे आधी कुरकू हिल मिशन आणि नंतर बॅप्टिस्ट, नागपूर-वर्ध्याला स्कॉटिश, चांद्याला (आजचं चंद्रपूर) स्कॉटलंडचंच पण एपिस्कोपल चर्च. एकानं दुसऱ्याच्या मुलखात काम करायचं नाही, असा मिशनांचा आपसातला समजच होता. म्हणून कोण कुठल्या मंडळीचा, म्हणजे कुठल्या चर्चचा, हे आजही पुष्कळदा आजोबांचा जिल्हा ठरवतो. त्यात सिद्धान्ताचा भाग कमीच.

मग आले १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ. वऱ्हाडाला दुसरा फार जड गेला. मिशनांनी अनाथ मुलं सांभाळली. पुढं दवाखाने उभे राहिले. अचलपूरजवळ कोठाऱ्याचं कुष्ठरुग्णालय त्यांतलंच. कुष्ठरोग्याला गाव वेशीबाहेर काढत असे, त्या काळात कुणीतरी हातानं त्याची जखम धुतली, ही गोष्ट प्रवचनापेक्षा दूरवर पोचली. ‘भाकरीसाठी धर्म सोडला’ हा टोमणाही त्याच काळातला. त्याला उत्तर देत बसण्यात मला रस नाही. भुकेल्या पोराला भाकर देणारा माणूस त्याला आपला वाटणारच.

तरी या सगळ्यानं फक्त माणसं जोडली. प्रार्थनेला सूर दिला तो कवी नारायण वामन टिळकांनी. टिळक मूळचे कोकणातले, पण १८९० नंतरची काही वर्षं नागपुरात होते. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना गाडीच्या डब्यात एका गोऱ्या सहप्रवाशाशी त्यांच्या गप्पा रंगल्या. विषय होता काव्याचा. उतरताना त्या गृहस्थानं बायबलचा नवा करार हाती दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं सांगून टाकलं. त्यातल्या येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनानं टिळकांना धरून ठेवलं, आणि १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. सगळ्याचं मूळ प्रवासातल्या ओळखीत!

आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. त्यामुळं इंग्रजी चालींवर बेतलेल्या गीतांच्या शेजारी अभंग येऊन बसला. झांज, ढोलक आणि पेटी असली की भागतं, वाचता न येणाऱ्या आजीलाही म्हणता येतं. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात येशू शिष्यांना सांगतो की मी तुम्हाला दास म्हणत नाही, मित्र म्हणतो. विठोबाला सखा मानून त्याच्याशी भांडणाऱ्या मुलखात हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

शिवाय सांजवेळी गावानं एकत्र बसावं, ही गोष्ट विदर्भात रुजलेली होती. सेवाग्रामला गांधीजींच्या सायंप्रार्थनेत ख्रिस्ती गीतालाही जागा होती. मगनवाडीत ग्रामोद्योगाचं काम पाहणारे जे. सी. कुमारप्पा आणि सेवाग्रामात नई तालीम ही गांधीजींची शिक्षणपद्धती चालवणारे आर्यनायकम, दोघंही ख्रिस्ती; वर्ध्याला आले ते गांधीजींच्या ओढीनं. मोझरीहून तुकडोजी महाराजांनी सामुदायिक प्रार्थना आणि खंजिरी गावोगावी नेली. ज्या गावात त्यांच्या गुरुदेव सेवा मंडळाची प्रार्थना रोज होते, तिथं पलीकडच्या घरातून पेटी ऐकू आली तर कोण दचकणार?

मोठ्या घडामोडी इथंही झाल्या. १९५३ मध्ये यवतमाळला युनियन बिब्लिकल सेमिनरी ही पाळक घडवणारी संस्था सुरू झाली, देशभरातले विद्यार्थी तिथं शिकले, आणि १९८३ मध्ये ती पुण्याला गेली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. अलायन्स आणि फ्री मेथडिस्ट बाहेरच राहिले. खेड्यात या ऐक्यानं फारसं काही बदललं नाही, कारण तिथं एका सतरंजीवर बसायला दोन्हीकडचे आधीपासूनच येत होते. लग्नाची सोयरीक निघाली की मात्र मंडळी कुठली, हे अजूनही विचारतात.