पोलंडमधले जर्मन रणगाडे नुसते करडे नव्हते

१९३९ सालच्या पँझरचं, म्हणजे जर्मन रणगाड्याचं, छोटं मॉडेल करायचं म्हटलं की सगळे डोळे झाकून गडद करडा रंग उचलतात. 'युद्धाच्या सुरुवातीला जर्मन रणगाडे एकरंगी होते' हा समज वर्षानुवर्षं चालत आलाय, आणि तो चूक आहे.

१९३८ च्या लष्करी आदेशानुसार दोन तृतीयांश भाग गडद करडा आणि एक तृतीयांश गडद तपकिरी, असे पट्टे होते. फक्त करडा ठेवण्याचा आदेश निघाला जुलै १९४० मध्ये, म्हणजे फ्रान्स पडल्यावर. मग गैरसमज झाला कसा? कृष्णधवल फोटोंमुळे. दोन्ही रंग इतके गडद की फोटोत ते एकमेकांत मिसळून जातात. त्यात धूळ बसली की संपलंच.

म्हणून १/३५ च्या (खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढ्या) मॉडेलवर आधी करडा द्या, मग एअरब्रशने पातळ तपकिरी मारा. पट्ट्यांच्या कडा मऊच हव्यात, मास्किंग टेप नको. दोन्ही रंगांत थोडा फिकट रंग मिसळा, नाहीतर वॉश (खाचांत उतरणारा अगदी पातळ गडद रंग) दिल्यावर सगळं काळं पडतं. शेवटी चाकांवर आणि मडगार्डवर धुळीचा हात फिरवा, पण बुरुजावर (तोफेच्या फिरत्या भागावर) तो तपकिरी जपा. जवळून पाहणाऱ्याला तो दिसलाच पाहिजे.