रेकॉर्ड तीच, कान दुसरे

११ जून १९९२ रोजी स्टॉकहोममध्ये यूटू या आयरिश रॉक बँडचा कार्यक्रम होता. त्या काळी इतकं गंभीर तोंड करून वावरणारा दुसरा मोठा बँड सापडला नसता. कार्यक्रमात मध्येच त्यांनी ॲबा या स्वीडिश पॉप बँडचं 'डान्सिंग क्वीन' सुरू केलं आणि ते रचणारे बेनी अँडरसन आणि ब्योर्न उल्व्हेउस स्वतः मंचावर येऊन त्यांच्याबरोबर वाजवू लागले. प्रेक्षकांनी सभागृह डोक्यावर घेतलं. त्याच महिन्यात इरेजर या ब्रिटिश जोडीने ॲबाची चार गाणी नव्याने गाऊन काढलेली छोटी रेकॉर्ड ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर होती.

सतरा वर्षांपूर्वी याच शहरात चित्र अगदी उलटं होतं. १९७४ साली इंग्लंडमधल्या ब्रायटनला ॲबाने युरोव्हिजन ही देशोदेशींच्या गाण्यांची स्पर्धा जिंकली, म्हणून १९७५ ची स्पर्धा स्वीडनकडे आली. तेव्हा तिथल्या डाव्या विचारांच्या संगीतकारांनी 'हा बाजार आम्हाला नको' म्हणत स्टॉकहोममध्येच पर्यायी महोत्सव भरवला. ॲबाच्या प्लॅस्टिकच्या कपड्यांची टर उडवणारं एक गाणंही त्या काळात गाजलं. विरोध इतका तापला की १९७६ साली स्वीडन युरोव्हिजनमध्ये उतरलाच नाही. ॲबाच्या रेकॉर्डी खपत होत्या, पण रॉक समीक्षकांच्या लेखी तो साखरेचा पाक होता. आज त्याच ॲबाचं स्टॉकहोममध्ये स्वतंत्र संग्रहालय आहे, २०१० पासून अमेरिकेच्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये जागा आहे आणि १९९२ च्या सप्टेंबरमध्ये आलेला 'ॲबा गोल्ड' हा संग्रह ब्रिटनच्या यादीत एक हजारांहून जास्त आठवडे राहिला आहे.

या संग्रहात नवं काहीच नव्हतं. सगळी मूळ ध्वनिमुद्रणं जुनीच होती. म्हणजे गाणं बदललं नाही, मत बदललं. मानसशास्त्राला असा प्रसंग आवडतो, कारण उत्तर गाण्यात नसणार हे आधीच ठरलेलं असतं. ते ऐकणाऱ्यांत शोधायचं.

पहिला संशय अर्थातच सवयीवर जातो. मिशिगन विद्यापीठातल्या रॉबर्ट झायोन्क यांनी १९६८ साली लोकांना निरर्थक शब्द आणि चिनी लिपीसारख्या खुणा दाखवल्या, काही एकदाच, काही अनेकदा. मग विचारलं, यांचा अर्थ चांगला असेल की वाईट? जे जास्त वेळा दिसलं होतं ते लोकांना जास्त चांगलं वाटलं, कारण काहीही नसताना. १९८० साली त्यांनी आणि विल्यम कुन्स्ट-विल्सन यांनी तर आकृत्या अवघ्या एक मिलिसेकंद झळकवल्या. यातली कुठली आधी पाहिली होती ते लोकांना ओळखता येईना, तरी पसंती पाहिलेल्यांनाच मिळाली. गाण्यांनाही हे लागू पडतं, पण एका मर्यादेपर्यंत. डॅनियल बर्लाइन यांनी दाखवलं की ओळखीबरोबर आवड आधी चढते, शिखर गाठते आणि मग उतरू लागते. गणपतीत दहा दिवस मंडपाच्या स्पीकरखाली राहिलेल्या कुणालाही हा आलेख काढून दाखवायची गरज नाही.

नुसत्या सवयीवर सगळं सोडता येत नाही, हे चित्रांवरच्या दोन प्रयोगांतून कळतं. कॉर्नेल विद्यापीठातल्या जेम्स कटिंग यांनी वर्गात शिकवता शिकवता इम्प्रेशनिस्ट चित्रं काही क्षण दाखवली, त्यांच्याविषयी एक अक्षर न बोलता. सत्राच्या शेवटी विद्यार्थी त्याच चित्रांकडे झुकले. हा निष्कर्ष खरा तर सगळ्या कलापरंपरेला सुरुंग होता, कारण मग थोर चित्र म्हणजे फक्त जास्त वेळा छापलेलं चित्र. इंग्लंडमधल्या लीड्सच्या अभ्यासकांनी २०१३ साली तोच प्रयोग मुद्दाम वाईट मालावर केला. त्यांनी टॉमस किंकेड या अमेरिकन चित्रकाराची चित्रं घेतली, ती उबदार उजेडाची, कॅलेंडरावर शोभणारी घरं. ती जितकी जास्त दाखवली तितकी विद्यार्थ्यांची आवड घसरली. म्हणजे परिचय कधी दडलेलं काहीतरी वर आणतो, तर कधी आत काही नाही हे उघडं पाडतो.

ॲबात आत काय होतं? 'साखरेचा पाक' म्हणणाऱ्यांनी ज्याकडे लक्ष दिलं नाही ते ध्वनिमुद्रक मिकाएल ट्रेटो यांचं काम. १९७३ च्या 'रिंग रिंग' गाण्यापासून त्यांनी एक युक्ती वापरली. वाद्यवृंद एकदा मुद्रित करायचा, मग टेपचा वेग किंचित बदलून त्याच वादकांकडून सगळं पुन्हा वाजवून घ्यायचं आणि दोन्ही थर एकावर एक ठेवायचे. वेग बदलला की सूर केसभर सरकतो. ४४० आणि ४४२ हर्ट्झचे दोन स्वर एकत्र वाजले तर कानाला दोन वेगळे स्वर ऐकू येत नाहीत, एकच स्वर सेकंदाला दोनदा फुगतो आणि ओसरतो. तंबोऱ्याची जोडीची तार अजून पुरती जुळलेली नसताना जी लाट ऐकू येते, ती हीच. असे शेकडो स्वर एकमेकांवर चढले की चार जणांचा बँड भिंतीसारखा जाड वाजतो. बँडच्या दोन गायिका, आग्नेथा आणि फ्रिडा, यांच्या आवाजांचेही असेच थर रचले जात. नंतरच्या समीक्षकांनी याच कारागिरीचं तोंड भरून कौतुक केलं.

आपल्याकडे ही ओळख न कळत झाली. 'हम किसी से कम नहीं'मधलं 'मिल गया हमको साथी' राहुलदेव बर्मन यांनी ॲबाच्या 'मामा मिया'वरून बेतलं. बँडचं नावही न ऐकलेल्या घरांत ती चाल १९७७ पासून गुणगुणली जात होती.

पण परिचयाने ॲबाचं कोडं सुटत नाही. १९७६ साली समीक्षकांना ॲबा कमी ऐकू येत होता असं नाही. रेडिओ लावला की दुसरं काही लागत नव्हतं! परिचयाचं स्पष्टीकरण नीट बसतं ते दुसऱ्या एका बँडला, रेडिओहेडला. ऑक्टोबर २००० मध्ये त्यांचा 'किड ए' हा अल्बम आला. गिटारवाला रॉक ऐकायला बसलेल्यांना मिळाले सिंथेसायझर, यंत्रातून काढलेला आवाज आणि सुरुवातीलाच बहुतेक जण दहा मात्रांत मोजतात असं गाणं. झपतालावर वाढलेल्या कानाला दहाचं भय नाही, पण चाराच्या पटीत पाय हलवणाऱ्यांची चुकामूक होणारच. गाणी इंटरनेटवर फुटतील या भीतीने कंपनीने प्रती आधी मोकळेपणाने वाटल्या नव्हत्या. अनेक समीक्षकांना कंपनीच्या देखरेखीखाली, मोजक्या वेळा ऐकून लिहावं लागलं. 'मेलडी मेकर' या ब्रिटिश संगीत साप्ताहिकात मार्क ब्यूमाँट यांनी त्याला पाचपैकी दीड तारा दिला. दशक संपताना 'रोलिंग स्टोन' हे मासिक आणि 'पिचफोर्क' हे संगीत परीक्षणांचं संकेतस्थळ या दोघांनीही तोच अल्बम दशकातला सर्वोत्तम ठरवला.

मेंदूच्या बाजूने हे समजतं. लाइपझिगमधल्या एका गटाने २०१९ साली जुन्या ७४५ लोकप्रिय अमेरिकन गाण्यांतले सुमारे ८० हजार कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे स्वरांचे गुच्छ, संगणकाला शिकवले आणि प्रत्येक जागी पुढचा कॉर्ड किती अपेक्षित होता ते काढलं. मग शब्द आणि चाल काढून टाकून नुसते कॉर्ड लोकांना ऐकवले. सुख दोन ठिकाणी जास्त मिळालं. पुढे काय येणार याची खात्री असताना अनपेक्षित काही आलं तर, किंवा काहीच अंदाज नसताना ओळखीचं काही आलं तर. सगळंच अनिश्चित आणि वर धक्केही, हे कानाला पेलत नाही. 'किड ए' पहिल्यांदा ऐकणाऱ्याची नेमकी हीच गत होते. दहाव्या वेळी त्याच गाण्याचा नकाशा डोक्यात तयार असतो आणि धक्का हवाहवासा होतो.

ॲबाच्या बाबतीत कानापेक्षा शेजारी महत्त्वाचा होता, असं मला वाटतं. तुम्हाला काय आवडतं यात ते आणखी कुणाला आवडतं हे बेमालूम मिसळलेलं असतं. मॅथ्यू साल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी २००६ साली १४,३४१ जणांसमोर अनोळखी बँडची ४८ गाणी ठेवली. ऐका, आवडलं तर फुकट उतरवून घ्या. एका गटाला फक्त गाणी दिसत होती. बाकीच्यांना आठ स्वतंत्र 'जगांत' वाटलं होतं आणि तिथे आपल्याच जगातल्या लोकांनी कुठलं गाणं किती वेळा उतरवलं तो आकडाही दिसत होता. ५२ मेट्रो नावाच्या बँडचं एक गाणं आकडे न पाहणाऱ्यांत २६ वं आलं. आकडे दिसणाऱ्या एका जगात ते पहिलं आलं, दुसऱ्यात ४० वं. अगदी उत्तम गाणी सहसा तळाला गेली नाहीत, अगदी टाकाऊ सहसा वर आली नाहीत. मधल्यांचं काहीही होऊ शकत होतं. पुढे त्यांनी यादीच उलटी करून लोकांना खोटे आकडे दाखवले, तेव्हा बहुतेक गाण्यांना खोटी कीर्ती चिकटली, पण सर्वोत्तम काही गाणी हळूहळू पुन्हा वर सरकली.

गर्दी ओढते तशी पळवूनही लावते. जोना बर्गर आणि चिप हीथ यांनी स्टॅनफर्डच्या एका वसतिगृहात पिवळे रबरी मनगटपट्टे विकले. मग तेच पट्टे शेजारच्या, पुस्तकी किडे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वसतिगृहात विकायला सुरुवात केली. थोड्याच दिवसांत पहिल्या वसतिगृहातल्या बऱ्याच मनगटांवरून पट्टे गायब झाले. 'बँड विकला गेला' म्हणून नाक मुरडणाऱ्या जुन्या चाहत्याच्या तक्रारीत संगीताचा भाग किती आणि नव्या चाहत्यांचा किती, हे त्याने एकदा प्रामाणिकपणे तपासून पाहावं. ॲबाच्या चाहत्यांत शाळकरी मुली होत्या, त्यांच्या आया होत्या, समलिंगी पुरुषांचे नाचाचे क्लब होते. रॉक समीक्षा लिहिणाऱ्या, बहुतांशी पुरुष मंडळींना या रांगेत उभं राहायचं नव्हतं. ऐंशीच्या दशकात बँड थंडावल्यावर त्याची गाणी जिवंत ठेवली ती याच क्लबांनी आणि ऑस्ट्रेलियातल्या 'ब्योर्न अगेन'सारख्या नकलाकार बँडनी.

मग १९९२ साली समीक्षकांना उपरती झाली का? थोड्यांना झालीही असेल. मोठा बदल मात्र माणसांचा होता. इरेजरचा गायक अँडी बेल 'डान्सिंग क्वीन' आलं तेव्हा बारा वर्षांचा होता, त्याचा जोडीदार विन्स क्लार्क सोळा. मॉरिस होलब्रुक आणि रॉबर्ट शिंडलर यांनी १९८९ साली १९३२ ते १९८६ मधली २८ गाणी निरनिराळ्या वयाच्या लोकांना ऐकवली, तेव्हा आवडीचं शिखर आलं ऐकणारा साडेतेवीस वर्षांचा असतानाच्या गाण्यांवर. नंतरच्या काही अभ्यासांत हे वय आणखी खाली आलं. कॅरल क्रुमहान्सल आणि जस्टिन झुप्निक यांना २०१३ साली यापेक्षा मजेशीर गोष्ट सापडली. विशीतल्या मुलांना स्वतःच्या काळाच्या गाण्यांबरोबर आईवडिलांच्या तरुणपणातल्या गाण्यांचाही खास जिव्हाळा होता, आणि साठच्या दशकातल्या गाण्यांचाही थोडा. घरात वाजतं ते मुरतं. म्हणून बँडची पत फिरायला साधारण पंधरा-वीस वर्षं लागतात. ज्यांना तो मुलं म्हणून आवडला ते तोवर संपादक, दिग्दर्शक, संगीतकार झालेले असतात.

प्रत्यक्ष माणसाचं मत बदलतं तेव्हा त्याचा मागमूस राहत नाही. जॉर्ज गोथल्स आणि रिचर्ड रेकमन यांनी १९७३ साली शाळकरी मुलांची एका वादग्रस्त सामाजिक प्रश्नावरची मतं आधी लिहून घेतली. मग गटचर्चेत आपला एक पढवलेला, बोलका साथीदार बसवून ती मतं बदलायला लावली. शेवटी विचारलं, आधी काय लिहिलं होतं? उत्तर ताडून पाहिलं जाईल हे माहीत असूनही मुलांनी जुनं मत नव्यासारखंच सांगितलं. ती खोटं बोलत नव्हती, त्यांना खरंच तसं आठवत होतं. 'आम्हाला ॲबा पहिल्यापासून आवडायचा' म्हणणाऱ्यांची संख्या १९७६ च्या मानाने एवढी कशी वाढली, त्याचं एक कारण हेही असावं.

समीक्षकाला ही सोय नाही, त्याचं मत छापील असतं. ब्यूमाँट यांनी २०१० साली 'गार्डियन'मध्ये पुन्हा लिहिलं की 'किड ए' अजूनही फारसा काही धड नाही. दशकाच्या याद्या त्यांच्या मतपरिवर्तनावाचूनच लागल्या होत्या. याउलट लिझ फेअर या गायिकेच्या २००३ मधल्या अल्बमला 'पिचफोर्क'वर दहापैकी शून्य देणाऱ्या समीक्षकाने २०१९ साली तिची जाहीर माफी मागितली. दोन वर्षांनी 'पिचफोर्क'ने १९ जुन्या अल्बमांचे गुण बदलले, त्यात तिचं शून्य सहावर गेलं. जुनं परीक्षण मात्र त्यांनी काढलं नाही, ते आजही शून्यासकट वाचता येतं.