साखर कमी केलेला ज्यूस आणि प्रीडायबेटिस: हा प्रश्न आला कुठून

आमच्या काकांचं एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) ६.१ आलं, म्हणजे प्रीडायबेटिस, तेव्हा डॉक्टरांनी साखरेचा चहा बंद करायला सांगितला, काकांनी तो खरंच बंद केला आणि त्याच्या जागी रोज सकाळी मोसंबीचा ज्यूस सुरू केला, वरून साखर न घालता. तीन महिन्यांनी रिपोर्ट तसाच. आजारी माणसाला भेटायला जाताना आपण मोसंबीच नेतो, त्यामुळे ती नडेल असं घरात कोणाच्या डोक्यातच आलं नाही. आता त्यांनी कमी साखरेच्या ज्यूसबद्दल कुठेतरी वाचलंय आणि तो चालेल का विचारतायत, म्हणून जरा मागपासून सांगते.

रोज नाश्त्याला ज्यूस ही सवय जगभर पसरली ती अमेरिकेतून. १९४० च्या दशकात फ्लोरिडात संत्र्याचा रस आटवून गोठवायची पद्धत निघाली आणि ज्यूस वर्षभर घरोघरी पोचायला लागला. जाहिरात व्हिटॅमिन सी ची, साखरेचा विषय कुणी काढतच नव्हतं.

तो निघाला १९७७ मध्ये. ब्रिस्टलच्या संशोधकांनी दहा निरोगी माणसांना एकदा अख्खी सफरचंदं, एकदा त्यांचा गर आणि एकदा नुसता ज्यूस दिला, साखरेचं प्रमाण तिन्हीत सारखंच. अख्खं फळ खायला जेवढा वेळ लागला त्याच्या अकरापट वेगाने ज्यूस संपला! रक्तातली साखर तिन्ही वेळा साधारण सारखीच चढली, पण ज्यूसनंतर इन्सुलिन जास्त सुटलं आणि मग साखर एकदम खाली आली, अख्ख्या फळानंतर तसं झालं नाही. मला तरी या सगळ्या गोष्टीतला हाच प्रयोग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ज्यूसवाल्याकडे बघा ना, एका ग्लासात तीन-चार मोसंब्या जातात, चोथा खालच्या डब्यात आणि ग्लास दोन मिनिटांत रिकामा, पण बसून चार मोसंब्या सोलून खाणारा माणूस मी तरी पाहिला नाही.

प्रीडायबेटिसचं काय, तर डायबेटिस नाही पण नॉर्मलही नाही अशी मधली पायरी १९७९-८० मध्ये डॉक्टरांनी अधिकृतपणे वेगळी काढली, २००३ मध्ये अमेरिकेत उपाशीपोटीच्या साखरेची हद्द ११० वरून १०० वर आणली आणि पुढे एचबीएवनसी ५.७ ते ६.४ हा पट्टाही आला. या पायरीवर बऱ्याच जणांचं आधी काय बिघडतं तर खाल्ल्याबरोबर जो इन्सुलिनचा पहिला लोट सुटायला हवा तो कमी पडतो, आणि पातळ साखर तर पोटातून झपाट्याने पुढे जाते, म्हणजे नेमकी दुखऱ्या जागेवरच येते. भारतात असे साधारण १३.६ कोटी लोक असल्याचा अंदाज आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या पाहणीतून २०२३ मध्ये आला.

२०१३ मध्ये हार्वर्डच्या मोठ्या अभ्यासात अख्खं फळ खाणाऱ्यांना, विशेषतः ब्लूबेरी, द्राक्षं, सफरचंद खाणाऱ्यांना डायबेटिसचा धोका कमी दिसला आणि ज्यूस पिणाऱ्यांना जास्त, आणि २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ज्यूसमधली नैसर्गिक साखरही वरून घातलेल्या साखरेच्याच रांगेत बसवली. दुसरी बाजूही सांगायला हवी, कमी मुदतीच्या प्रयोगांत शंभर टक्के ज्यूसने उपाशीपोटीची साखर फारशी बदललेली दिसत नाही, पण प्यायल्यानंतर तासाभरात काय होतं तो मुद्दा वेगळा आहे.

मग कंपन्या रसातलीच साखर काढायच्या मागे लागल्या. कोणी बारीक पडद्यातून गाळून, कोणी यीस्टला खाऊ घालून, कोणी एन्झाइमने साखरेचं न पचणाऱ्या फायबरमध्ये रूपांतर करून. २०२४ मध्ये युरोपियन युनियनने अशा ज्यूसला कायद्यात वेगळं नाव दिलं, अट अशी की साखर निदान ३० टक्के कमी हवी, आणि नियम जून २०२६ पासून लागू. हिशोब करून बघा. १०० मिलीला १० ग्रॅम साखर असेल तर ७ राहते, २०० मिलीच्या ग्लासात १४ ग्रॅम, म्हणजे साडेतीन चमचे. वीसपेक्षा चौदा बरे, रक्तातल्या साखरेची उसळी त्या मानाने कमी येणार हे खरं, पण गाळून किंवा यीस्टने साखर काढली म्हणून चोथा परत येत नाही आणि पिण्याचा वेगही तोच राहतो.

आपल्याकडे २०२४ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे खाद्यपदार्थांचे नियम ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने, आटवलेल्या रसात पाणी घालून परत बनवलेल्या ज्यूसवरून 'शंभर टक्के फळांचा रस' हा दावा काढायला लावला. 'नो ॲडेड शुगर' मात्र अजून खोक्यांवर दिसतं, म्हणून काकांना मी खोक्याची मागची बाजू वाचायला शिकवलंय, 'टोटल शुगर्स'ची ओळ, आणि ती १०० मिलीची आहे की अख्ख्या खोक्याची ते. ज्यूसच्या जागी सध्या ते सकाळी एक मोसंबी सोलून खातात.