लिनक्सवरचा आवाज १०० च्या पुढे नेला की स्पीकर जळतो?

नाशिकमध्ये महात्मा गांधी रोडवर लॅपटॉप दाखवायला नेला, तर हे हमखास ऐकायला मिळतं: "लिनक्सवर आवाज १५० टक्के होतो, त्यानेच स्पीकर उडतात." सिडकोतल्या आमच्या काकूंनी तर या भीतीपोटी जुन्या कीर्तनाचं रेकॉर्डिंग कानाला लॅपटॉप लावून ऐकलं!

१५० टक्के म्हणजे अँप्लिफायरला दीडपट वीज नव्हे. पल्सऑडिओत (लिनक्सवर आवाज सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) १०० टक्के म्हणजे शून्य डेसिबल वाढ, फाइलमधला आवाज जसाच्या तसा. पुढची वाढ सॉफ्टवेअर आकड्यांच्या गुणाकाराने करतं. १५० वर ती साधारण साडेदहा डेसिबल होते. आवाज आकड्यांत साठवलेला असतो; १६ बिटच्या ध्वनीत कमाल आकडा ३२७६७. गुणाकार त्यापुढे गेला की लाटेचे शेंडे छाटले जातात, आवाज फाटतो. काकूंचं कीर्तन मुळातच हळू होतं, शेंड्यांना वर भरपूर जागा होती. त्यामुळे १३० वरही ते स्वच्छ वाजलं.

भीती अगदीच खोटी नाही, बरं का. फाटलेला आवाज तासन् तास वाजवला तर लॅपटॉपचे चिमुकले स्पीकर तापून बिघडू शकतात. पण मोठ्या स्पीकरवर मोठ्याने गाणी लावली तरी हा धोका असतोच, १०० च्या आतसुद्धा.

घरात पोरं असतील तर गनोमच्या (लिनक्सच्या एका डेस्कटॉपच्या) सेटिंगमधलं जादा वर्धनाचं (Overamplification) बटण बंद ठेवा, सरकपट्टी १०० वरच थांबते. कीबोर्डच्या बटणांना डब्ल्यूपीसीटीएलची (wpctl, आवाज कमी-जास्त करणारं छोटं साधन) आज्ञा जोडली असेल, तर तिच्यात कमाल मर्यादेचा पर्याय १.० द्या.