ग्रामपंचायतीला पुरस्कार हवाय? पात्रता, अर्जाची वाट आणि लागणारं दप्तर

पुरस्काराचं परिपत्रक तालुक्याला येतं, गटविकास अधिकारी ते सरपंचांच्या ग्रुपवर टाकतात, आणि मुदत संपायला आठवडा उरला की ग्रामपंचायतीत धावपळ सुरू होते. भिंती रंगतात, फलक लागतात, शाळेसमोर कुंड्या येतात. त्या धावपळीतून मिळणारे गुण फार थोडे असतात. समिती गुण देते ते वर्षभराच्या नोंदींना, आणि चांगलं काम करूनही नोंद नसल्यामुळे मागे पडलेली गावं मी बरीच पाहिली आहेत. त्यांच्यासाठीच हे सविस्तर लिहितो आहे.

कोणकोणते पुरस्कार आहेत

सगळ्यात मोठा म्हणजे केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाचा राष्ट्रीय पंचायत पुरस्कार. पंचायतींना घटनात्मक दर्जा देणारी 73वी घटनादुरुस्ती 24 एप्रिल 1993 रोजी लागू झाली, म्हणून 24 एप्रिल हा राष्ट्रीय पंचायती राज दिन. हे पुरस्कार पूर्वी वेगळ्या पद्धतीने दिले जात. 2022 मध्ये त्यांची रचना बदलली आणि ते शाश्वत विकासाच्या नऊ विषयांशी जोडले गेले: गरिबीमुक्ती व उपजीविका, आरोग्य, बालस्नेही गाव, पाणी, स्वच्छ व हरित गाव, पायाभूत सुविधा, सामाजिक न्याय व सुरक्षा, सुशासन आणि महिलास्नेही गाव. यातल्या एकेका विषयात अव्वल ठरणाऱ्या ग्रामपंचायतींना दीनदयाळ उपाध्याय पंचायत सतत विकास पुरस्कार मिळतो. नऊही विषयांत मिळून उत्तम कामगिरी करणाऱ्या ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेला नानाजी देशमुख सर्वोत्तम पंचायत सतत विकास पुरस्कार असतो. (नानाजींचा जन्म आपल्या हिंगोली जिल्ह्यातल्या कडोळीचा.) ऊर्जा, कार्बन उत्सर्जन, हवामान बदल यांसाठी विशेष पुरस्कार आहेत.

हे आपल्या आवाक्याबाहेरचं आहे असं कुणी समजू नये. 11 डिसेंबर 2024 रोजी दिल्लीच्या विज्ञान भवनात राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते जे 45 पुरस्कार दिले गेले, त्यांत सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी होती, भंडारा जिल्ह्यातलं बेला होतं आणि गोंदियाची तिरोडा पंचायत समिती होती. मान्याचीवाडी म्हणजे सगळी घरं सौरऊर्जेवर नेणारं छोटंसं गाव. पुढच्याच वर्षी हवामानविषयक कामासाठीचा विशेष पुरस्कार गोंदिया जिल्ह्यातल्या डव्वा ग्रामपंचायतीने पटकावला, एक कोटी रुपयांसह.

राज्याच्या पातळीवर संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान 2000-01 पासून आहे. आर. आर. (आबा) पाटील यांच्या नावाची सुंदर गाव योजना आहे. पंचायत समित्या आणि जिल्हा परिषदांसाठी यशवंत पंचायत राज अभियान आहे. 17 सप्टेंबर 2025 रोजी सुरू झालेलं मुख्यमंत्री समृद्ध पंचायतराज अभियान बक्षिसाच्या रकमेत या सगळ्यांच्या पुढे गेलं: राज्यात पहिल्या येणाऱ्या ग्रामपंचायतीला 5 कोटी, दुसरीला 3, तिसरीला 2 कोटी. तालुका पातळीवर 15, 12 आणि 8 लाख. एकूण 1,902 पुरस्कार आणि 245 कोटी 20 लाख रुपये. माझ्या मते पहिल्यांदा उतरणाऱ्या गावाने नजर ठेवावी ती तालुक्याच्या बक्षिसावर. स्पर्धा शेजारच्या गावांशी असते, आणि तिथे केलेली तयारी पुढच्या प्रत्येक अर्जाला कामी येते.

पात्र कोण

अर्ज संस्थेचा असतो. सरपंचांना वैयक्तिक अर्ज करता येत नाही, गावातल्या मंडळाला किंवा ट्रस्टलाही नाही. ग्रामपंचायतीचा अर्ज ग्रामपंचायत अधिकारी (आपण आजही ज्यांना ग्रामसेवक म्हणतो) आणि सरपंच मिळून भरतात. पंचायत समितीच्या बाजूने गटविकास अधिकारी आणि जिल्हा परिषदेच्या बाजूने मुख्य कार्यकारी अधिकारी जबाबदार असतात. लोकसंख्येची किमान अट नाही. शुल्क नाही.

कागदावर न लिहिलेली, पण खरी अट अशी, की ग्रामपंचायतीचा कारभार ऑनलाइन दिसला पाहिजे. ग्रामपंचायत विकास आराखडा ई-ग्रामस्वराज या पंचायतींच्या कारभाराच्या केंद्रीय पोर्टलवर चढवलेला हवा, वर्षाचे हिशेब तिथे पूर्ण हवेत, लेखापरीक्षणातले आक्षेप निकाली काढलेले हवेत. पंधराव्या वित्त आयोगाचा 60 टक्के बंधित निधी पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च झालेला दिसायला हवा. इथे गोंधळ असेल तर पुढची सगळी मेहनत अडून बसते, म्हणून सुरुवात इथून करा.

आता ग्रामपंचायतींच्या कामगिरीला गुण देणारा पंचायत प्रगती निर्देशांकही आला आहे. 2022-23 वर्षाच्या माहितीवर आधारलेल्या पहिल्या निर्देशांकात देशातल्या 2,16,285 ग्रामपंचायतींचं मूल्यमापन झालं. 90 गुणांच्या वरच्या श्रेणीत एकही ग्रामपंचायत बसली नाही, आणि 75 ते 90 मध्ये फक्त 699 बसल्या. नऊ विषय तेच आहेत. त्यामुळे निर्देशांकासाठी आरोग्य, अंगणवाडी, शाळा, पाणीपुरवठा यांची माहिती भरताना ती घाईत कुणावर तरी ढकलू नका. अंगणवाडीसेविका, आशा आणि मुख्याध्यापकांना एका दिवशी ग्रामपंचायतीत बोलवा आणि आकडे समोरासमोर जुळवून घ्या.

अर्ज कसा पुढे सरकतो

राष्ट्रीय पुरस्कारासाठी मंत्रालयाच्या पुरस्कार पोर्टलवर ग्रामपंचायतीच्या लॉगिनमधून प्रश्नावली भरायची असते. ती ग्रामसभेपुढे ठेवून मंजूर करून घ्यावी लागते. त्यानंतर तालुका, जिल्हा, राज्य आणि राष्ट्रीय अशा पायऱ्या असतात आणि प्रत्येक पायरीवर समिती तपासणी करते. राज्याच्या अभियानात आधी स्वयंमूल्यमापन, म्हणजे ग्रामपंचायत स्वतःच स्वतःला गुण देते, मग तालुका समिती, जिल्हा, विभाग आणि राज्य.

स्वयंमूल्यमापनात अनेक गावं स्वतःला भरभरून गुण देतात. तसं करू नका. समिती आली आणि दिलेल्या गुणाला पुरावा सापडला नाही, तर ती बाकीच्या गुणांकडेही संशयाने बघते. ज्या मुद्द्याला कागद आहे, तेवढेच गुण लावा.

लॉगिन, पासवर्ड, फाइलचा आकार या अडचणी पंचायत समितीतले संगणक परिचालक सोडवून देतात. मुदतीच्या शेवटच्या दिवशी पोर्टल मंद होतं, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

दप्तर: खरी परीक्षा इथेच

सगळ्यात आधी ग्रामसभा. कायद्याने आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 मतदार, यांतली कमी असेल ती संख्या लागते. समिती इतिवृत्ताची वही मागते, आणि तिला तीन गोष्टी एकत्र बघायच्या असतात: नोटीस किमान सात दिवस आधी काढली का, हजेरीच्या सह्या आणि अंगठे गणपूर्तीएवढे आहेत का, आणि ठराव नीट लिहिला आहे का. महिलांची ग्रामसभा आधी घेतली असेल तर तिचं इतिवृत्त वेगळं ठेवा.

ठराव कसा असावा, याचा एक नमुना देतो. ‘स्वच्छतेबाबत चर्चा झाली, सर्वांनी सहमती दर्शवली’ या ओळीला पुरावा म्हणून काही किंमत नाही. तिच्या जागी असं लिहा: ‘ठराव क्रमांक 4. वॉर्ड क्रमांक 2 मधील सांडपाणी गटारात न सोडता 14 कुटुंबांनी शोषखड्डे घ्यावेत, मजुरी मनरेगातून व उर्वरित साहित्य पंधराव्या वित्त आयोगाच्या बंधित निधीतून द्यावे, काम 31 जानेवारीपूर्वी पूर्ण करावे. सूचक अमुक, अनुमोदक तमुक. ठराव सर्वानुमते मंजूर.’ यात काम आहे, जागा आहे, पैसा कुठून येणार ते आहे आणि मुदत आहे. पुढच्या ग्रामसभेत त्याच ठरावाखाली ‘14 पैकी 12 पूर्ण, दोन घरांना जागेची अडचण’ असं लिहिलं, तर समितीला गाव जिवंत असल्याचं कळतं. दोन अपूर्ण राहिले हे लिहायला घाबरू नका.

दुसरं, करवसुली. ग्रामपंचायतीच्या ठरलेल्या नोंदवह्यांपैकी नमुना 8 म्हणजे कराची आकारणी, नमुना 9 म्हणजे कराची मागणी. टक्केवारी काढताना बरीच गावं फक्त चालू वर्षाच्या मागणीवर वसुली दाखवतात, आणि 90 टक्के म्हणून सांगितलेली वसुली तपासणीत 60 वर येते, कारण मागील थकबाकी धरलेलीच नसते. मागील बाकी अधिक चालू मागणी ही एकूण मागणी. त्यावर वसुली काढा. घरपट्टी आणि पाणीपट्टी वेगवेगळी दाखवा. नमुना 5 ची रोकडवही आणि बँकेचं पासबुक महिन्याच्या महिन्याला जुळलेलं असावं, अर्जाच्या आदल्या रात्री नव्हे. थकबाकी असलेल्या गावांनी छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोद्याची पद्धत समजून घ्यावी. पूर्ण कर भरणाऱ्या घराला तिथे दळण मोफत दळून मिळतं, आणि घरातल्या बायकाच कर वेळेवर भरला जाईल असं बघतात. लोकांनी कर मनाने भरावा यासाठी मला याहून चांगली युक्ती माहीत नाही.

तिसरं, फोटो. कामाआधीचा आणि नंतरचा फोटो एकाच जागेवरून, एकाच कोनातून, तारीख आणि ठिकाणाच्या नोंदीसह काढा. शोषखड्ड्याच्या फोटोत मागचं घर किंवा विजेचा खांब दिसला, की ती तीच जागा आहे हे सिद्ध होतं. कामाच्या उद्घाटनाला नारळ फोडतानाचे फोटो फाइलीत घालू नका, त्यांना गुण नाहीत.

बाकी कागद असे: नमुना 33 ची वृक्ष नोंदवही आणि लावलेल्यांपैकी जगलेली झाडं, पाण्याच्या नमुन्यांचे तपासणी अहवाल, गाव ‘हागणदारीमुक्त अधिक’ (ओडीएफ प्लस) झाल्याचा ग्रामसभेचा ठराव आणि पडताळणीचं पत्र, ग्राम आरोग्य, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती तसंच शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकांची इतिवृत्तं, बचतगटांची यादी आणि त्यांना मिळालेलं बँक कर्ज, दिव्यांग आणि मागासवर्गीयांसाठी राखीव निधीचा खर्च, लोकवर्गणी आणि श्रमदानाचा हिशेब. श्रमदानाला हजेरीची वही ठेवा. शंभर माणसं फावडी घेऊन आली होती हे गावाला आठवतं, समितीला नाव आणि सही लागते.

लहान गावाला सुरुवात करायची असेल तर

क्षयरोगमुक्त पंचायत हा दावा जरूर करा. याला कोटींचं बक्षीस नाही, पण निकष स्पष्ट आहेत आणि माणसांचे जीव वाचवणारे आहेत. हजार लोकसंख्येमागे वर्षात किमान 30 संशयितांची तपासणी झालेली हवी आणि रुग्णसंख्या हजारी एक किंवा त्याहून कमी हवी. उपचार यशस्वी होण्याचं प्रमाण 85 टक्क्यांच्या वर, औषधं लागू पडतात का याची चाचणी किमान 60 टक्के रुग्णांची, आणि निक्षय पोषण योजनेचे पैसे व पोषण आहाराची मदत सर्व पात्र रुग्णांना. आकडे प्राथमिक आरोग्य केंद्रातून मिळतात, दावा ग्रामपंचायत करते आणि जिल्ह्याचं पथक पडताळणी करतं. पहिल्या वर्षी कांस्य रंगाचा महात्मा गांधींचा पुतळा, सलग दोन वर्षं टिकवलं तर रुपेरी, तीन वर्षं टिकवलं तर सोनेरी. फक्त एक काळजी घ्या: रुग्णसंख्या कमी दिसावी म्हणून कुणाची तपासणी टाळू नका. 30 तपासण्यांची अट त्यासाठीच आहे.

समिती येते तेव्हा

फाइल विषयवार लावा, प्रत्येक विषयाला खूणपट्टी, सुरुवातीला अनुक्रमणिका. सादरीकरण सरपंचांनीच करावं. महिला सरपंच असतील तर त्यांच्या पतीने किंवा दिराने बोलू नये. समितीच्या ते लगेच लक्षात येतं, आणि महिलास्नेही गावाच्या दाव्याचा तिथेच निकाल लागतो. 2024 च्या राष्ट्रीय पुरस्कारविजेत्या पंचायतींपैकी 42 टक्के पंचायतींचं नेतृत्व महिलांकडे होतं, तेव्हा ही भीती मनातून काढा. समिती वस्तीतल्या एखाद्या आजीबाईंना विचारेल, ‘कचऱ्याची गाडी रोज येते का?’ त्यांना उत्तर पढवून ठेवू नका, गाडी रोज पाठवा. हार, शाल आणि जेवणावळीवरचा खर्च टाळा, कारण तोही रोकडवहीत दिसतो.

बक्षिसाची रक्कम ग्रामपंचायतीची असते आणि ती गावाच्या विकासकामांवरच खर्च करायची असते. खर्चाचा आराखडा ग्रामसभेत ठरवून घ्या.

एक इशाराही. ‘राष्ट्रीय आदर्श सरपंच पुरस्कारासाठी आपली निवड झाली आहे, नोंदणी शुल्क भरा’ असे फोन सरपंचांना सर्रास येतात. सरकारी पुरस्काराला शुल्क नसतं, मध्यस्थ नसतो, आणि पत्र पंचायत समिती किंवा जिल्हा परिषदेमार्फतच येतं. असे पैसे ग्रामनिधीतून भरले तर लेखापरीक्षणात वसुली लागते.

निकालात नाव नसेल तर गटविकास अधिकाऱ्यांकडे आपल्या गावाचं मुद्देनिहाय गुणपत्रक लेखी मागा. मिळालं नाही, तर माहितीच्या अधिकारात 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून अर्ज करा. उत्तर 30 दिवसांत द्यावं लागतं. ते गुणपत्रक पुढच्या ग्रामसभेत वाचून दाखवा आणि जिथे गुण गेले, त्या प्रत्येक मुद्द्याला एका सदस्याचं नाव आणि मुदत लावून तिथेच ठराव करून घ्या.