दबलेल्या मणक्यातले सिमेंट

उतारवयात हाडे ठिसूळ होऊन मणका दबला, की पाठ न उघडता सुईतून त्यात सिमेंट भरायचे, हा इलाज आता अनेकांच्या कानावरून गेलेला असतो. सुरुवात मात्र वेगळ्याच दुखण्यापासून झाली. १९८४ साली फ्रान्समधल्या आमियाँ शहरात पिएर गालिबेर आणि एर्वे देरामाँ यांच्याकडे एक रुग्ण आली. रक्तवाहिन्यांच्या गाठीने तिच्या मानेचा दुसरा मणका पोखरला होता. त्यांनी सुईने त्यात ॲक्रिलिक सिमेंट सोडले. खुब्याचा कृत्रिम सांधा बसवताना वापरतात, त्याच जातीचे. वेदना थांबल्या. १९८७ मध्ये याचा अहवाल छापून आला आणि वर्टिब्रोप्लास्टी, म्हणजे मणक्यात सुईने सिमेंट भरणे, रूढ झाली.

लवकरच ऑस्टिओपोरोसिसचे, म्हणजे हाडे ठिसूळ झालेले, रुग्णही या टेबलावर आले. पुढे कॅलिफोर्नियाचे अस्थिशल्यविशारद मार्क रायली यांनी आधी फुगा फुगवून दबलेला मणका उचलायची युक्ती काढली, ती कायफोप्लास्टी. १९९८ मध्ये अमेरिकेत त्या फुग्याला मंजुरी मिळाली आणि धंदाही फोफावला.

एक साधा प्रश्न तोवर कोणी नीट तपासलाच नव्हता. असे दुखणे अनेकांचे काही आठवड्यांत आपोआप ओसरते. मग श्रेय सिमेंटला द्यायचे की दिवसांना? २००९ मध्ये दोन चाचण्यांनी निम्म्या रुग्णांवर सिमेंट न भरता लुटुपुटीची शस्त्रक्रिया केली. त्यातल्या एकीत तर पाठीवर दाब देऊन, सिमेंटच्या रसायनाची बाटली उघडून त्याचा उग्र वासही खोलीत पसरू दिला. रुग्णाला फसवण्यात इतकी कसोशी क्वचितच कोणी केली असेल! दोन्ही गटांना जवळपास सारखाच आराम पडला. सिमेंट भरणाऱ्या डॉक्टरांना हे झोंबणारच होते. जुनी फ्रॅक्चर कशाला घेतली, असा त्यांचा आक्षेप होता आणि तो अगदीच गैरलागू नव्हता.

म्हणून २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियात फ्रॅक्चरला सहा आठवडेही न झालेली, तीव्र वेदनेची १२० माणसे निवडली. चौदाव्या दिवशी सिमेंट गटातल्या ४४ टक्के रुग्णांची वेदना सौम्य पातळीवर आली होती, लुटुपुटीच्या गटात २१ टक्के. २०१८ च्या डच चाचणीत मात्र ताज्या फ्रॅक्चरमध्येही फरक दिसला नाही. तिथे खोट्या शस्त्रक्रियेतही भुलीचे औषध हाडावरच्या पापुद्र्यापर्यंत दिले होते, ऑस्ट्रेलियात फक्त कातडीखाली. त्यामुळे ते इंजेक्शनच थोडेफार इलाज ठरले असेल का, यावर तज्ज्ञ अजून भांडत आहेत.